कलम १८५ मधला राहुल प्रभाकर

९ नोव्हें., रवि.
मेश्राम मंडळी ताईला बघून सहाला गेली. ताईचा होकार, राहुलचाही. साखरपुडा ३० तारखेला, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. बाबांनी लगेच फोन करून हॉल मिळवला.
राहुल कमी बोलतो. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर ऑफिस, गाझियाबादजवळ वसुंधराला घर. चहा झाल्यावर स्वतःचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. आईने तेवढ्यावर त्याला पास केलं. ताई भांडी घासताना गुणगुणत होती. ताई आणि भांडी!
एक गोष्ट. त्यांची गाडी राहुलच्या वडिलांनी, प्रभाकररावांनी चालवत आणली. बाबा सहज म्हणाले, जवान मुलगा असताना तुम्ही कशाला त्रास घेतला. तर राहुलची आई म्हणाली, "तो गाडी चालवत नाही आता."
आता?
राहुल चपलांकडे बघत होता.

१० नोव्हें., सोम.
लॅबमध्ये दिवसभर तो "आता" डोक्यात. दोन रिपोर्टवर वय टाकायचं राहिलं, परत छापावे लागले. माझ्याकडून असं होत नाही.
ताईला विचारलं, राहुल गाडी का चालवत नाही. म्हणाली, मेट्रोने जातो म्हणून. मी म्हटलं, आई "आता" म्हणाली. ताई म्हणाली, "तुला यार पोलिसात घ्यायला हवं होतं. तुझी बी.ए. अर्धवट सुटली ते एका अर्थी बरं झालं, नाहीतर पोलीस होऊन तू सगळ्यांना उलटतपासणी करून मारलं असतंस."
पण आमच्या घरात हा विषय हसण्यासारखा नाही. माझे काका पिऊन स्कूटर चालवताना गेले. मी सातवीत होतो. ताईची लग्नासाठी एकच अट आहे, न पिणारा हवा. प्रभाकरराव म्हणाले होते, आमच्याकडे कोणी घेत नाही. बास.

११ नोव्हें., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत कोर्टाची वेबसाइट उघडली. कोणाच्याही नावावरची केस कोणालाही बघता येते, हे लॅबमधल्या पांडेजींनी सांगितलं. भाडेकरू ठेवायच्या आधी ते बघतात.
पद्धत अशी. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष. वर्ष एकेकच टाकता येतं. शेवटी ती वाकडी अक्षरं ओळखून लिहायची. दोनदा चुकलं.
राहुल मेश्राम. पूर्व दिल्ली, मागची पाच वर्षं. काही नाही. मग नवी दिल्ली. काही नाही. गाझियाबाद वेगळ्या राज्यात येतं, तेही पाहिलं. एक निघाला, पण तो चेक न वटल्याचा खटला, आणि तिथे वय बासष्ट.
बरं वाटलं. दोन समोसे खाल्ले.

१२ नोव्हें., बुध.
सकाळी मेट्रोत आठवलं. राहुल ऑफिसात आडनाव लावत नाही. त्याने दिलेल्या कार्डावर फक्त राहुल प्रभाकर. बाबांनी रविवारी कौतुकही केलं होतं. आडनाव सांगितलं की इथले लोक पुढचा प्रश्न काय विचारतात ते त्यांना माहीत आहे. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, झालं.
म्हणजे मी चुकीचं नाव शोधत होतो.
सुट्टीत परत वेबसाइट. राहुल प्रभाकर. पूर्व दिल्ली. चालू वर्ष.
स्टेट विरुद्ध राहुल प्रभाकर. मोटार वाहन कायदा, कलम १८५. केस चालू. पुढची तारीख १९ नोव्हें.
कलम १८५ काय ते पाहिलं. दारू पिऊन गाडी चालवणं.
पत्ता नाही, वय नाही, बाकी काही नाही. पोलीस ठाणं वसुंधराहून इकडे येण्याच्या रस्त्यावरचंच.

त्याच दिवशी, घरी.
बाबांना बाल्कनीत नेऊन मोबाइल दाखवला. चष्मा लावून त्यांनी नाव वाचलं. मग परत वाचलं. मी म्हटलं, दुसरा कोणी असू शकतो. म्हणाले, "मुलगा राहुल, बाप प्रभाकर. अशी जोडी दिल्लीत किती असेल?"
मलाही तेच वाटलं.
म्हणाले, ताईला आत्ताच सांगू नकोस. पण ताई दारात उभी होती. मोबाइल माझ्या हातातून घेतला, बघितला, परत दिला. कपडे वाळत घालायला लागली. ओले नव्हतेच ते, वाळलेलेच होते.

१३ नोव्हें., गुरु.
राहुलचे चार मेसेज. ताईने उत्तर दिलं नाही. आई म्हणते, सरळ विचारून टाका. बाबा म्हणतात, विचारलं तर तो नाहीच म्हणणार. ताई म्हणते, मला कोणाला काही विचारायचं नाही.
जेवताना आईने काकूंचा विषय काढला, काकू तिशीत कशा एकट्या राहिल्या वगैरे, आणि मधेच थांबली.
हे सगळं माझ्यामुळे. मी शोधलंच नसतं तर. पण खरं असेल तर?

१५ नोव्हें., शनि.
आज काय झालं ते नीट लिहितो.
लॅबमध्ये माझं काम पेशंटचं नाव टाईप करणं. आधी नाव, मग वडिलांचं नाव किंवा नवऱ्याचं नाव, मग वय. चार वर्षं हेच. साडेअकराला एक माणूस आला, शुगरची टेस्ट.
"नाम?"
"सुरेश दिवाकर।"
"पिताजी का नाम?"
"छोटेलाल।"
टाईप केलं. पुढचा पेशंट उभा होता. आणि माझे हात थांबले.
सुरेश दिवाकर. बापाचं नाव छोटेलाल. म्हणजे दिवाकर हे त्याचं स्वतःचं आडनाव. इकडच्या लोकांमध्ये असतंच की ते. प्रभाकर, दिवाकर, भास्कर. मी रोज टाईप करतो. मधलं नाव म्हणजे बाप, हे फक्त आपल्याकडे. बाबा, मी, ताई, आई, चौघांनी ते नाव वाचलं आणि चौघांनी मराठीत वाचलं.
पुढची बाई म्हणाली, भैया सो गए क्या.
घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, हो, ऑफिसात माझ्या सेक्शनलाच एक प्रभाकर होता, बिहारचा, त्याच्या बापाचं नाव भलतंच काहीतरी होतं. मग म्हणाले, पण नाव दुसऱ्याचं असू शकतं, एवढंच सिद्ध झालं. आहेच असं नाही.
ताई म्हणाली, "मग बघून ये. एवढा शोधलास ना. आता पूर्ण शोध."

१७ नोव्हें., सोम.
कडकडडूमाला, पूर्व दिल्लीच्या कोर्टात गेलो, हाफ डे टाकून. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंना केसचा नंबर सांगितला. फक्त आरोपीच्या वडिलांचं नाव हवंय म्हटलं.
"आप पार्टी हो?" नाही. "वकील हो?" नाही. "फिर आपको क्या करना है नाम का?"
काय सांगणार. खरं सांगितलं. बहीण, लग्न, ३० तारीख. त्यांच्या मागे बसलेला माणूस हसला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, फाईल अशी कोणालाही दाखवत नाहीत, अर्ज करावा लागेल, वकील लागेल, साखरपुडा होऊन जाईल तोवर. मग म्हणाल्या, "परसों तारीख है ना? कोर्ट खुली होती है, बेटा. पीछे बैठ जाना. नाम पुकारेंगे तो देख लेना कौन खड़ा होता है।"
हे मला सुचलंच नव्हतं.
पण बघितलं आणि तोच उभा राहिला तर? तो मला ओळखतो.

१८ नोव्हें., मंगळ.
ताईला म्हटलं, तू चल. म्हणाली, नको, मला बघवणार नाही. मग म्हणाली, मास्क लावून जा. प्रदूषण आहे, कोणाला काही वाटणार नाही.
ताईला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा.

१९ नोव्हें., बुध.
तो नाही. तो नाही. तो नाही.
आता सावकाश लिहितो.
दहाच्या आधी पोचलो. दाराबाहेर यादी चिकटवलेली, त्यात नाव होतं. मागच्या बाकावर बसलो, मास्क लावून. मोबाइल बंद केला, मग खरंच बंद झाला का ते पाहिलं. सगळीकडे बघत होतो. राहुल कुठे दिसला नाही, पण तो उशिरा येऊ शकतो, म्हणून दाराकडेही बघत होतो. पाणी प्यायला उठावंसं वाटलं पण उठलो नाही.
साडेअकराच्या सुमारास शिपायाने पुकारलं, राहुल प्रभाकर.
पुढच्या बाकावरून एक माणूस उठला. पन्नाशीचा, मफलर, पोट सुटलेलं. तरी मी दाराकडे बघत राहिलो. दारातून कोणी आलं नाही.
न्यायाधीश मॅडमनी विचारलं, मान्य आहे का. तो म्हणाला, जी, गलती हो गई. वडिलांचं नाव वाचलं गेलं, राम सरन. मी हसलो बहुतेक, मास्कमध्ये. बाजूच्या माणसाने बघितलं.
त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. त्याची पिशवी, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं तिच्या हातात. तो बोलत होता तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. दंड भरायला बाहेर पाठवलं तेव्हा तिनेच कागद घेतला.
मी इतका खूष होतो आणि ती माझ्या समोरून गेली.
बाहेर येऊन ताईला फोन. हॅलोसुद्धा न म्हणता म्हणालो, तो नाही. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुझा मास्क काढ आता, आवाज नीट येत नाही."

१९ नोव्हें., घरी.
बाबांनी रसमलाई आणली. आईने दोनदा विचारलं, नक्की? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी राम सरन म्हणून दाखवलं.
नको तेव्हा मी त्या बाईचं सांगितलं. पिशवी, हेल्मेट. आई म्हणाली, काकूपण अशीच जायची, पोलीस चौकीत, दोनदा. मला हे माहीत नव्हतं.
मग ताईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, काकांचं आपण मेश्रामांना काय सांगितलंय?"
बाबा म्हणाले, अपघातात गेले. खोटं आहे का ते?
ताई म्हणाली, "खोटं नाही. पण राहुलच्या बाबतीत तुम्ही एवढं चालवून घेतलं असतं का?"
रसमलाई उरली.

२० नोव्हें., गुरु.
आठवडाभराने पहिल्यांदा झोप लागली. लॅबमध्ये एकही चूक नाही. पांडेजी म्हणाले, भूषण, आज सूरत ठीक है तेरी.

२२ नोव्हें., शनि.
ताई राहुलला भेटून आली. मेट्रो स्टेशनच्या बाहेरच, भुट्ट्याच्या गाडीजवळ. दोन्ही गोष्टी सांगितल्या. आम्ही तुला कोर्टात शोधलं, आणि आमचे काका पिऊन गेले. घरी कोणाला न विचारता सांगितल्या.
पहिलीवर तो खूप हसला म्हणे. आधी थोडा वेळ नाही, मग खूप. "माझ्याऐवजी पन्नाशीचा पोटवाला पाहून भूषणला किती आनंद झाला असेल," म्हणाला.
आणि त्या "आता"चा उलगडा झाला. मागच्या वर्षी गाडी रिव्हर्स घेताना त्याने सोसायटीच्या गार्डचं केबिन पाडलं. गार्ड चहा प्यायला गेलेला म्हणून वाचला. तेव्हापासून आई त्याला चावी देत नाही. ताई सांगताना हसत हसत खुर्चीवरून घसरली. आईसुद्धा.
दुसरीवर म्हणाला, "आमच्या बाबांना मी सांगतो. माझं काही नाही. पण बाबांना वाईट वाटेल, दारूचं नाही, लपवल्याचं." ताई म्हणाली, तेच मला वाटलं.
बाबा ऐकून उठले आणि उगाच पंख्याचं बटण दाबलं. नोव्हेंबरात. परत बंद केलं. म्हणाले, मीच सांगायला हवं होतं. ताई म्हणाली, हो.

२३ नोव्हें., रवि.
प्रभाकररावांचा काही फोन नाही. बाबांचा मोबाइल दिवसभर चार्जिंगला. पूर्ण चार्ज झाला तरी.
मी मात्र ठीक आहे. मला वाटलं होतं परत झोप उडेल. नाही उडाली. एकदा वेबसाइट उघडायला बोट गेलं, सवयीने. कोणाचं नाव टाकणार? बंद केली.

२५ नोव्हें., मंगळ.
राहुलचा मेसेज. ताईला नाही, मला.
"जय भीम भूषण. बाबा गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे येत आहेत. एकटेच. तुझ्या बाबांशी बोलायचंय म्हणाले."
एकटेच म्हणजे? मी विचारलं, रागावलेत का. तो म्हणाला, माहीत नाही, घरात काही बोलले नाहीत, पण इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितलाय.
जेवताना यावर चर्चा. आई म्हणते, मोडायचं असतं तर फोनवर मोडलं असतं. बाबा म्हणतात, प्रभाकरराव फोनवर मोडणारा माणूस नाही, समोर येऊन मोडेल. ताई म्हणते, काय करायचंय ते करू देत, आता आपल्याबद्दल त्यांना शोधून काढण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि तिने स्वतःहून दुसरी पोळी घेतली.
बाबांनी हॉलवाल्याला फोन करून ३० तारीख तशीच ठेवायला सांगितली.
गुरुवारी मी लॅबमधून लवकर येणार आहे. प्रभाकरराव चहात साखर घेतात का ते राहुलला विचारून ठेवलं. घेतात. दीड चमचा.