आमच्या घरचं एकमत

ती. ताईच्या पायांशी धाकटीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पार्सल पोचलं. आत लोकरीची शाल एक, साबणाच्या वड्या चार, पैकी एक मोडकी (चालेल, मोडकीनेही मळ निघतोच). तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनला बारा रुपये देऊन सोडवून घ्यावं लागलं. ते तुझ्या नावावर मांडलेत. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे देवाच्या कृपेने सर्व खुशाल आहे. म्हणजे, तसं सर्वांचं एकमत आहे.

आमच्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. काहीही ठरवायचं ते ताटावर बसून, आणि सगळ्यांचं 'हो' आल्याशिवाय मामंजी पहिला घास घेत नाहीत (मग आम्ही कोण घेणार?). पोटात कावळे ओरडत असताना माणूस वाद तरी किती घालील? म्हणून या घरात कधी भांडण नाही.

तर, धाकट्या भाऊजींच्या लग्नाचे पाहुणे गेले आणि एक बाई मागे राहिल्या. उंच, पांढरं पातळ, चालताना पावलांचा आवाज नाही. मला वाटलं सासूबाईंच्या माहेरच्या. सासूबाईंना वाटलं माझ्या (त्यामुळे आठवडाभर आम्ही एकमेकींशी फारच गोड वागलो). शेवटी मामंजींनी ताटावर विचारलं, "या आत्याबाई आपल्याच ना?" आधी हे 'हो' म्हणाले, मग ओळीने सगळे. मी एकटीने कशाला सगळ्यांचं अन्न निववू?

पुढे आत्याबाईंना खोली हवी झाली, म्हणून सासूबाईंचा पलंग जिन्याखाली गेला. सासूबाईच म्हणाल्या, तिथे वारा छान लागतो. (तिथे खिडकी नाही.) आत्याबाई पंगतीला बसतात, पण जेवत काहीच नाहीत. तेवढी बचत, पण 'हो' म्हणायची घाई मग फक्त आम्हालाच असते.

काल तुझी शाल बघून त्या ताटावर म्हणाल्या, "हिला कुठली बहीण? ही तर एकटीच." मी हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. हे म्हणाले, "खरंच की, आपण कधी पाहिली?" (तुझ्याकडे दोन उन्हाळे राहून आलेला माणूस!) मामंजी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. ताई, सगळ्यांचं जेवण निवत होतं. मी 'हो' म्हणाले.

शाल आत्याबाईंनी पांघरली. शोभते हो त्यांना.

तुझीच,
धाकटी

ता. क. काल झोपताना तुझा चेहरा आठवून पाहिला. गुडघे आठवले.

आणखी ता. क. आज आत्याबाई म्हणाल्या, ताटं मांडताना एक जास्त होतंय, रविवारी ठरवू. हे आतापासूनच मान डोलवताहेत. तरी उलट टपाली कळव, तू आहेस ना? आणि मी आहे, एवढंही एका ओळीत लिही. साधं कार्ड पुरे. फक्त तिकीट पूर्ण लाव. कमी पडलं तर सोडवून घ्यायला इथे कुणी असेलच असं नाही.