बिनपिसांचे तीन बाण

प्रिय अण्णा,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. जिवंत होतास तेव्हा तरी कुठं लिहिलं? लातूरहून निलंगा ते काय लांब, आणि पर्समध्ये मोबाईल. पण काल वहिनी एक गोष्ट बोलली आणि तेव्हापासून माझ्या हातून एक शिवण धड पडलेली नाही. सकाळपासून दोन ब्लाऊज शिवले आणि दोन्ही उसवले. शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून गेलं. जाऊ दे. आधी तुझ्याशी बोलायचंय.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले आणि वहिनीनं भिंतीवरचं तुझं धनुष्य खाली काढलं, वर्ष सरलं, आता उतरव दोरी म्हणाली. वर्षभर ते तुझ्या फोटोशेजारी टांगलेलं होतं, दोरी चढवलेलंच. हो, चढवलेलंच! मी तेराव्यालाच म्हणाले होते की दोरी उतरवा, लाकडाला सारखं वाकवून ठेवलं की त्याचा जोर जातो. वहिनीनं हात लावू दिला नाही. "ती दोरी त्यांनी चढवलीय. त्यांच्या हातचं शेवटचं काम हाय ते. कुणी सोडायचं न्हाई." तुझ्याबरोबरच्या शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा माना डोलावल्या. धनुष्याला हार घातला, उदबत्ती ओवाळली. सगळं जाणूनबुजून झालं अण्णा, प्रेमानं झालं, आणि त्यातच ते वाया गेलं.

काल ओढून पाहिलं तर किती हलकं! पूर्वी सगळा जीव एकवटला तरी माझ्या हातून दोरी हनुवटीपर्यंत येत नसे. काल अशी आली, जशी चोळीची नाडी. रडायला आलं.

तू असतास तर भडकला असतास. वहिनीला अवाक्षर बोलला नसतास, मला मात्र फैलावर घेतलं असतंस. कायम तसंच होतं ना? तिच्यावरचा राग माझ्यावर, शाळेवरचा राग माझ्यावर!

नोकरी लागल्यावर लोक फटफटी घेतात, तू हे धनुष्य घेऊन आलास. हल्लीच्या धनुष्यांसारखी ना नेम धरायची काच, ना दोरी ओढायला सोपी करणारी चाकं, नुसतं लाकूड आणि दोरी. आई म्हणाली, "ह्याला किक कुठून मारायची?" तू आठ दिवस तिच्याशी बोलला नाहीस. मग रोज संध्याकाळी मळ्यात आपलं काम सुरू झालं. काम तुझं, आणि उन्हात उभी राहायची मी.

तुझी पद्धत मला अजून पाठ आहे. दोरी आणि धनुष्याचा दांडा यांच्यात तुझी एक मूठ आणि वर उभा अंगठा एवढं अंतर हवं. कमी भरलं की दोरी काढून चार पीळ जास्त द्यायचे, जास्त भरलं की सोडायचे. दोरीवर बाण जिथं बसतो तिथं दोऱ्याची गाठ, ती मी बांधायची, कारण शिवणाचा हात माझा. गाठ सुताएवढी खाली आली तरी बाण डोकं वर-खाली करत जायचा आणि तू मला बांधलेलं सोडायला लावायचास. मग पुन्हा बांध. किती वेळा, अण्णा! माझ्या बोटांना घट्टे पडले होते.

आणि शेवटी तो बिनपिसांचा बाण. पिसं लावलेला बाण कसाही सुटला तरी पिसं त्याला सावरून घेतात. म्हणून तू परीक्षेला पिसं नसलेलेच बाण घ्यायचास. "पिसं झाकून घेतात, शके. उघडा बाण खोटं बोलत न्हाई." पण बाण सुटताना तुला चेहरा हलवता येत नसे, म्हणून त्याचं शेपूट कुठं जातंय ते मी मागं उभी राहून बघायचं. एका बाजूला विहीर, दुसरीकडं सडक. मी ओरडायची, "विहिरीकडं!" नाहीतर "सडकेकडं!" तू त्यावरून बाणाचा दांडा बदलायचास, दोरी पिळायचास, आणि पुन्हा. मी "सरळ!" म्हटलं की त्या दिवसापुरतं काम संपायचं. माझं लग्न झालं, पोरं झाली, तरी हे थांबलं नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर तुझा भरवसाच नव्हता. शाळेतले एक सर मोबाईलवर चित्रीकरण करून देतो म्हणाले, तर तू म्हणालास, "शकू येणार हाय रविवारी."

आता त्या शेवटच्या रविवारचं सांगते.

मी आले तेव्हाच तू खांदा चोळत होतास. "काय झालं?" "काही न्हाई, भरून आलाय." मग मी नेहमीच्या जागी उभी राहिले. पहिला बाण सुटला. शेपूट सडकेकडं. दुसरा, सडकेकडं. तिसरा तर इतका तिरपा गेला की शेजारच्या मळ्यातल्या म्हशीनंही सांगितलं असतं. आणि असं का होतंय ते मला दिसत होतं, अण्णा! धनुष्य ठीक होतं, गाठ ठीक होती. दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येतच नव्हती. दोन बोटं अलीकडंच तुझा हात थरथरायला लागे आणि दोरी सुटे. दोरी पुरी ओढली नाही तर चांगला बाणही असा अंग टाकतो, हे तूच शिकवलेलं. एवढा जोर कुठं गेला तुझा, हे मी विचारायला हवं होतं.

तू विचारलंस, "शेपूट कुठं गेलं?"

मी म्हणाले, "सरळ."

"तिन्ही?"

"तिन्ही."

वर्षभर मी स्वतःची समजूत घालतेय की तुझं मन मोडू नये म्हणून तसं म्हणाले. खरं सांगू? मला साडेपाचची एसटी गाठायची होती. सडकेकडं म्हटलं असतं तर तू पुन्हा दोरी काढली असतीस, पुन्हा गाठ, पुन्हा पीळ, आणि माझी गाडी गेली असती. दुकानात लग्नसराईचे ब्लाऊज पडले होते. एवढंच. यापेक्षा मोठं काहीही कारण नव्हतं.

तू हसलास. धनुष्य खांद्याला लावून मला स्टँडवर सोडायला आलास, खिडकीतून शेंगांची पुडी दिलीस. पंधराव्या दिवशी सकाळी अंघोळीला पाणी काढताना पडलास. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत असणार, खांद्यातून कळ येत असणार. तेव्हापासून माझ्या पोटात हे होतंच. पण निदान तुझं तुला कळलं असेल, तूच टाळलं असशील, असं म्हणून मी रोज मशीनवर बसत होते.

काल तोही आधार गेला. मी पायात दांडा अडकवून दोरी उतरवत होते, वहिनी शेजारी बसली होती. एकदम म्हणाली, "मी लई मागं लागले होते गं, लातूरला जाऊन दाखवून येऊ म्हणून. त्या रविवारी हे तयारबी झाले होते. आन् तू गेल्यावर जेवताना म्हणाले, शकू मागं उभी होती, तिन्ही बाण सरळ गेले. हातात जोर हाय अजून. कशाला दवाखाना? लई खूष होते बघ त्या दिवशी." असं म्हणून तिनं माझा हात धरला. माझा! तुला शेवटचा आनंद मी दिला म्हणून.

आणि मी काय केलं, अण्णा? दोरीची गुंडाळी केली, तिच्या हातात दिली आणि गाडी धरली.

मी खरं बोलले असते तर तू वाचला असतास का? कोण सांगणार! डॉक्टरांना विचारायचं धाडस माझ्यात नाही. पण तू वहिनीबरोबर गाडीत बसला असतास एवढं नक्की. मला शिव्या घालत बसला असतास, पण बसला असतास. आणि तुझी चूक काय होती? माझ्यावर विश्वास ठेवलास ही? इतकं कुणी कुणाच्या डोळ्यांवर विसंबून राहतं का रे? एकदा तरी मागं वळून बघायचं होतंस!

वहिनीला हे कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही. करूही नये. पण ती मला सख्ख्या बहिणीसारखी जवळची मानून राहिलीय, माझा हात धरून राहिलीय, आणि तो धरलेला हात मला सहन होत नाही.

म्हणून तुला शब्द देते. रविवारी सकाळच्या गाडीनं निलंग्याला जाते. उंबऱ्यातच तिला सगळं सांगीन, तीन बाण, दोन बोटं आणि साडेपाचची एसटी. ती चहा टाकायच्या आधी सांगीन. नंतर तिनं टाकला तर पिईन.

तुझी,
शकू