आधी गाडीला पाणी

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ६ मे २०२५

चिरंजीव शिवानंदास,

दानअक्काचे शरणु-शरणार्थी आणि आशीर्वाद. तुझ्या बायकोला आणि आमच्या नवरीबाईला, काव्याला, वेगळे आशीर्वाद. तिचा वाटा तू खाऊ नकोस.

इथं आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. ऊन काही उतरायचं नाव घेत नाही. आज नळाला पाणी यायचा दिवस होता, पिंपं भरता भरता कंबर गेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय, येशील तेव्हा ने. अव्वाची तब्येत म्हणशील तर ठीक आहे. जेवते, बोलते, मला शिव्या घालते.

पत्र बघून हसशील. मोबाइल असताना अक्काला काय सुचलं म्हणशील. अरे, फोनवर तू मधेच बोलतोस. "अक्का, थोडक्यात सांग," म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. आणि दुसरं कारण अव्वाचे कान. डोळे गेले, गुडघे गेले, कान मात्र अजून तिखट आहेत. हे तिच्या कानावर जायला नको.

माझी मागणी आधीच सांगून टाकते. लग्नाच्या चार दिवस आधी एकटा ये. आणि तू पाठवलेला तो नवा रेडिएटर परत घेऊन जा. "बसवला का?" असं तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. खोटं बोलले. खोका अजून माळ्यावर आहे, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

गाडीचं काम छान झालंय, त्यात खोट नाही. इंद्रजीत गुणी पोरगा आहे. मोहोळकडच्या शेतकऱ्याचा, जुळे सोलापुरात गॅरेज टाकलंय आणि जुन्या गाड्यांना पोटच्या लेकरासारखं जपतो. अप्पांची फियाट त्यानं अशी काळीभोर करून आणली की समोरची सगळी मंडळी गॅलरीत आली. अव्वानं दारावर, काचेवर, दिव्यांवर हात फिरवला आणि म्हणाली, "तशीच हाय की." अडलं फक्त रेडिएटरपाशी. मूळचाच तो, पितळी टाक्यांचा आणि तांब्याच्या जाळीचा. पाणी घातलं की चार ठिकाणी ठिबकायचं.

"अक्का, ह्यो आता म्हातारा झाला," इंद्रजीत म्हणाला. "कथलाचा डाग दिऊन चालंल, पर भरवसा न्हाय. भावानं नवा धाडलाय की. त्यात कूलंट भरायचं, वरनं सील. पाणी म्हणून घालायला नगं."

मलाही ते पटलं होतं. नवा बसवायला शुक्रवारी येतो म्हणाला. तोवर जुना रिकामा करून गाडी आपल्या पत्र्याच्या शेडात लावून गेला.

शिवू, अप्पा गेले तेव्हा तू चौथीत होतास. तुला किती आठवतं मला माहीत नाही, म्हणून सांगते. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर अशी भाडी मारून ते घरी यायचे तेव्हा अव्वा पेला घेऊन दारात उभी असायची. ते तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. इंजिन निवेपर्यंत थांबायचे, रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, झाकण फिरवून बसवायचे, आणि मगच पेल्याला हात लावायचे. ही रीत आज्जांची, अप्पांच्या वडलांची. बैल प्यायल्याशिवाय आज्जांनी कधी घोट घेतला नाही. अप्पांकडं बैल नव्हते, गाडी होती. "मुक्या जिवाला आधी," म्हणायचे. पिऊन झालं की पेला कट्ट्यावर पालथा घालायचे. पालथा पेला घरात चांगला नसतो म्हणून अव्वा रोज ओरडायची. त्यांनी ती सवय कधी सोडली नाही.

ते गेले त्या दिवशी मोहोळहून परत येताना भर उन्हात गाडी तापली. आत बसलेल्या माणसांनी नंतर आपल्या घरी येऊन सांगितलं, की त्यांनी आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी अप्पांना देऊ केलं होतं. ओठ सुकले होते त्यांचे. तरी म्हणाले, "आधी गाडीला." डबा घेतला आणि रस्त्याच्या खाली दिसणाऱ्या विहिरीकडं चालत गेले. माणसं संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पुढं विहीर उपसली, ओढे धुंडाळले. ना डबा मिळाला, ना चप्पल. अव्वानं कुंकू पुसलं नाही. पुसायला काही सापडलंच नाही, असं ती म्हणते.

आता गेल्या महिन्यातल्या त्या शुक्रवारचं सांगते. इंद्रजीत आला, जुना रेडिएटर काढायला खाली वाकला, आणि खालची तोटी सोडल्याबरोबर भसकन पाणी आलं. गढूळ आणि गार. "अक्का, पाणी कुणी घातलं?" मी अव्वाकडं बघितलं. ती खाटेवरून शांतपणे म्हणाली, "गाडी नीर कुडीतु." गाडी पाणी प्याली. मला वाटलं, म्हातारीनंच तांब्या तांब्यानं ओतलं असणार. मी बोटावर घेऊन चाखलं. खारं होतं. आपल्या नळाचं पाणी तसं नाही.

मी आयुष्यभर सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं, तुला माहीत आहे. उगाच कशाला भ्यायचं? मी इंद्रजीतला थांब म्हणाले, शेडाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर रेडिएटर कोरडा ठणठणीत. जेवणं झाली, गल्ली सामसूम झाली. आपल्याकडं दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही. मी ओसरीवर आडवी झाले होते, तेव्हा डब्याच्या कडीचा आवाज आला. कुईं, कुईं, एका लयीत. मग पाणी ओतल्याचा आवाज. मग झाकण फिरवल्याचा.

मी कुलूप काढलं. शेडात कुणी नव्हतं. फरशीवर ओली पावलं होती, दारापासून बॉनेटपर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती. माझ्यासमोर ती एकेक करून वाळत गेली आणि प्रत्येकाच्या जागी थोडी काळी माती राहिली. आपल्या पेठेत काळी माती कुठली रे? रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता, आणि खालून ठिबकायला लागला होता. तासाभरात रिकामा झाला.

रोज तसंच. भर दुपारी भरायचा, ऊन कलेपर्यंत गळून जायचा. मी घाबरले, शिवू. खोटं कशाला सांगू, शेडाकडं पाठ करून मला भाकरीसुद्धा थापता येईना. अव्वाला मात्र भीती नाही. ती एवढंच म्हणाली, "ते आणत्यात आन् ही गळती. भरून राहिल्याबिगर ते पिणार न्हाईत. इतकी वर्सं तहानलेलं माणूस, दानू. तू ते नवं डबडं बसवू नगंस. त्यात पाणी घालायला जागाच न्हाय म्हणत्यात. मग ते ओतणार कुटं?"

मी इंद्रजीतला बोलावून सांगितलं, नवा नको, हाच नीट कर, जाळीसुद्धा हीच ठेव. भावाला काय सांगू, तो म्हणाला. मी म्हणाले, भावाचं मी बघते.

त्यानं रेडिएटर काढून नेला, गॅरेजमध्ये वरची टाकी खोलली आणि मला फोन केला. पोरगा कायम हसत बोलतो, त्या दिवशी हसला नाही. टाकीत गाळ होता, आणि गाळात एक मासा होता. नखाएवढा, जिवंत. "अक्का, आमच्या शिवारातल्या विहिरीत असतोय ह्यो मासा," म्हणाला. मासा त्यानं गावी जाऊन विहिरीत सोडला असं नंतर कळलं. रेडिएटरला सगळीकडं डाग दिले, हौदात बुडवून हवा भरून बघितलं, एक बुडबुडा आला नाही. आणून बसवून दिला, आणि बॅटरी चार्ज करायला काढून घेऊन गेला. चहाला थांबला नाही.

त्या दुपारी अव्वानं स्वतः उठून गूळ फोडला. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसा, वाटीत गूळ आणि अप्पांचा तो जुना पितळी पेला भरून बॉनेटवर ठेवला. आम्ही दोघी ओसरीवर हातात हात घेऊन बसलो. कडी वाजली. पाणी ओतलं गेलं. झाकण फिरलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग शिवू, घटाघटा पाणी पिण्याचा आवाज आला. अव्वा रडत होती. मीही रडले. आत गेलो तेव्हा रेडिएटर भरलेला होता, खाली फरशी कोरडी होती, वाटीत गुळाचा एक खडा उरला होता. पेला पालथा होता.

मला वाटलं, संपलं. सुटले अप्पा.

पत्र खरं तर इथं थांबायला हवं. पुढचं लिहायला मी दोन वेळा उठले, चहा टाकला, अव्वाला औषध दिलं. ती विचारत होती, एवढं काय लिहितीस. किराणाची यादी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. जागी झाले तर खाटेवर अव्वा नाही. गुडघ्यांमुळं ती न्हाणीपर्यंत माझा हात धरून जाते, तुला ठाऊक आहे. मला ती शेडात सापडली. ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, गाडीत पुढच्या सीटवर बसलेली. गाडीला बॅटरी नव्हती. किल्ली तर गाडी शेडात लागली तेव्हाच तुझ्याकडं पाठवली होती. मी आधारासाठी बॉनेटवर हात टेकला आणि चटका बसला. रेडिएटर आतून खदखदत होता. अव्वाच्या लुगड्याच्या काठाला काळी माती लागलेली होती, ओली.

मी म्हणाले, "अव्वा, कुटं गेली होतीस?"

"जवळच. मोहोळच्या अलीकडं," म्हणाली. चेहरा असा, की मी तिला तशी कधी बघितलेलीच नाही. "गाडी प्याली, ते प्याले. आता कशाला थांबायचं म्हणत्यात. उद्या लांब जायचंय. माझं दुसरं लुगडं काढून ठेव."

शिवू, तुला बायको आहे, काव्या आहे, पुण्यात घर आहे. मला अव्वा आहे. सकाळी उठून भांडायला दुसरं कुणी नाही.

त्या संध्याकाळी तिला भाकरी-दूध देऊन मी शेडात गेले. खाली बसले आणि रेडिएटरची तोटी सोडली. सगळं पाणी जाईपर्यंत तिथंच बसून राहिले. तोटी तशीच उघडी ठेवून आले.

तेव्हापासून अप्पा परत रोज पाणी आणतायत. रोज ओततात, रोज गळून जातं. अव्वा रोज गूळ आणि पेला ठेवते, इरकल नेसून बसते, आणि ऊन कललं की मला हाक मारते, "दानू, आजपण प्याले न्हाईत गं." इंद्रजीतच्या कामाला नावं ठेवते. मी मान हलवते. पेला तसाच भरलेला असतो, मी तो तुळशीला घालते. जिनं अप्पांना पेलाभर पाणी मिळू दिलं नाही ती त्यांचीच लेक, हे मला रोज दुपारी ओसरीवर बसून त्या कडीच्या आवाजात ऐकावं लागतं. काल कडीचा आवाज फार हळू आला. मधे मधे थांबत होता. पावलंही बदललीत. एक पाय ओढल्यासारखा उमटतो.

मला हे जास्त दिवस जमणार नाही. अप्पांचे हाल बघवत नाहीत आणि अव्वाला सोडवत नाही. म्हणून तू ये. अव्वाला काव्याचं लग्न बघू दे, तिच्या हातून अक्षता पडू देत. एवढंच मागते मी. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी तू तुझ्या हातानं तोटी बंद कर आणि पेला भरून ठेव. माझ्या हातानं ते व्हायचं नाही.

काव्याला मांडवात त्या गाडीतून न्यायचं म्हणत होतास ना? रिक्षानं ने, चालत ने. त्या गाडीची पुढची सीट भरलेली आहे. किल्ली इकडं आणूच नकोस.

आणि येताना मोहोळ सोडलं की गाडी हळू घे. रस्त्याच्या कडेनं कुणी हातात डबा घेऊन, पाय ओढत चालताना दिसलं तर थांब. तो तुझ्याकडं प्यायला मागणार नाही. खाली उतर आणि म्हण, मी शिवू. म्हण, नातीचं लग्न आहे, तेवढं होऊ द्या. ओळखतील तुला. तुझं नाक त्यांचंच आहे.

तोटी उघडी ठेवणारी
तुझी दानअक्का