माहेरचे नाव

आई, तुला अक्षर वाचता येत नव्हते, तरी हे मी लिहूनच सांगत आहे. बोलून सांगण्यास तू होतीस तोवर पुष्कळ वेळ होता. तो मी घालवला. आता मी कुपवाडला धाकट्या मुलाकडे राहतो. गेल्या आठवड्यात त्याच्या फोनवर त्या चित्रपटवाल्या बाई बोलल्या, ज्यांच्या खांद्याला टेपची पेटी असे त्या. त्याही आता वृद्ध झाल्या आहेत. स्त्रियांनी स्त्रियांविषयी काढलेला तो आपल्या दुष्काळी कामावरचा चित्रपट दुरुस्त करून पुन्हा दाखवणार आहेत. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली आणि मी "कळवतो" एवढे म्हणून फोन ठेवला.

त्या वर्षी माण तालुक्यात पाऊस नव्हता. पुरुष बहुतेक मुंबईस, आणि दहिवडीच्या रस्त्यावर खडी फोडण्यास बायका. मी त्यांचा मुकादम होतो. चौथी उत्तीर्ण, अक्षर वळणदार, हजेरीपटावर कधी खाडाखोड नाही. तू माझ्याच टोळीत होतीस आणि कामावर मी तुला आई म्हणत नसे, याचा मला तेव्हा अभिमान वाटे. मग पुण्याहून त्या तिघी आल्या. एकीच्या हाती कॅमेरा, दुसरीच्या खांद्याला आवाजाची टेपची पेटी, तिसरी प्रश्न विचारी; सोबत पुरुष कोणी नाही. बायका त्यांच्यापुढे तोंड उघडीनात, आणि वाऱ्याने टेपवर नुसती घरघर उमटे. तू हातोडा खाली ठेवून त्यांच्याकडे गेलीस. "बाई, आत्ता नगा घेऊ. वारं फिरतंय, घटकाभर दम धरा." वारे खरोखरच फिरले. मेंढरांमागे वाढलेल्या मुलीला ते कळणारच. दुसऱ्या दिवशी माइक बांधलेली काठी तुझ्या हातात होती.

आठ दिवस ती काठी तू धरलीस. अजून दिसते मला: तू उभी आहेस, पदर कमरेला खोचलेला, कानांवर ते ऐकण्याचे यंत्र, डोळे मिटलेले. शेजारीण खडीच्या ढिगावरून हसते, "कानात मालक बोलत्यात व्हय गं?" तू डोळे न उघडता म्हणतेस, "मालक जित्तेपणी कवा बोललं न्हाईत, आता काय बोलत्यात. तुजीच बडबड ऐकतीया. लय वरडतीस." सगळ्या हसतात, आणि त्यानंतर तीच शेजारीण बोलू लागते. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी हातोडा धरला, हे तिने सांगितले. नवऱ्याला जे कधी सांगितले नव्हते ते त्या बायकांनी कॅमेऱ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या तुला सांगितले. मी मात्र दूर उभा राहून लाजत होतो, की मुकादमाची आई परक्यांपुढे काठी धरून उभी आहे.

शेवटच्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी मला कागद दिला. चित्रपटाच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावे येतात, तुझेही येईल, माझे अक्षर चांगले, तेव्हा मीच लिहून द्यावे. तू वायर गुंडाळत होतीस. म्हणालीस, "सासरचं नगं लिवू. त्ये लग्नात तांदळात बोटानं लिवलेलं. माज्या आईबानं ठिवल्यालं लिव." आणि तू ते नाव सांगितलेस. ओव्हरसियर साहेब जवळच उभे होते. लग्न झालेल्या स्त्रीने असे बोलावे, हा मला वडिलांचा अपमान वाटला. मी वडिलांचे नाव कैलासवासी लावून पूर्ण लिहिले आणि पुढे 'यांच्या पत्नी' असे जोडले. बाईंनी वाचले. "त्यांनी हेच सांगितलं का?" मी म्हणालो, "रीतसर असेच लिहितात."

काही महिन्यांनी साताऱ्यात एका शाळेत तो चित्रपट दाखवला. आपण एसटीने गेलो. पडद्यावर तू कोठेच नव्हतीस. होत्या त्या बोलणाऱ्या बायका, आणि त्या सर्व तुझ्याकडेच पाहत होत्या. शेवटी अक्षरे वर सरकू लागली तेव्हा तू माझे मनगट धरलेस.

"आलं का रं माजं नाव?"

"आले."

"लहान हाय का मोठं?"

"सर्वांएवढेच आहे."

तू पदर सारखा केलास. पुढे कित्येक वर्षे गावात सांगत राहिलीस, "शिनेमात माजं माहेरचं नाव हाय. लेकानं सोता वाचलं." माझ्यासमोरही सांगितलेस. मी कधी हो म्हणालो नाही, कधी नाही म्हणालो नाही.

आता त्या टेपवाल्या बाई विचारतात, तुमच्या आईंचे स्वतःचे नाव काय होते, या वेळी तेच घालू. सासरचे मी देऊ शकतो, पण ते तुला नको होते. मामा तुला अक्काच म्हणत; तेही गेले. त्यांच्या मुलांना तू नुसती आत्या म्हणून ठाऊक. घरातले माझी समजूत घालतात, वय झाले, विसर पडायचाच. मी त्यांना तसे समजू देतो. परंतु त्या वर्षीचा हजेरीपट मला अजून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पाठ आहे. तुझे नाव मी विसरलो नाही, आई. तू ते सांगत होतीस तेव्हा साहेब ऐकत आहेत की काय, हे मी पाहत होतो. मी ते ऐकलेच नाही.