मानसिंगदादाच्या गोळ्या

सांगली, ५ ऑगस्ट १९७४

ती. मानसिंगदादास,
अनसूयेचा सा. न. वि. वि.

ज्या जिवाच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, त्याला मारणारं औषध आपल्या पेशींना कसं सोडतं? परवा वर्गात एका मुलीनं विचारलं. मला येत नाही, असं तिला सांगितलं. पण प्रश्न वर्गातला राहिला नाही, आपल्या घरचा झालाय.

आई माझ्या खोलीवर आल्यापासून तिची हगवण थांबत नाही. रक्त पडतंय. डॉक्टरांचं नाव काढलं की लाजते. तू सुट्टीत फौजेतून आणलेल्या गोळ्या तिनं देवाच्या फोटोमागे ठेवल्यात. रोज एक कपाळाला लावून गिळते. शेवटी नमुना मीच शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जीवाणू म्हणजे आपल्या रानातली खोप. चूल, अंथरूण, बियाणं एकाच जागी. केंद्रकाची वेगळी खोलीच नाही. मला दिसला तो अमीबा. त्याचं केंद्रक आपल्यासारखं पडद्याआड, आणि पोटात आईच्याच तांबड्या पेशी. तुझ्या गोळ्या खोपवाल्यांवर चालतात, याच्यावर नाही. याचं औषध दवाखान्यातच मिळेल. तू आईला लिही. ती तुझंच ऐकते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी,
अनू

फील्ड, १४ ऑगस्ट

चि. अनूस आशीर्वाद.

तुझा अमीबा आमच्या हवालदारसायबाला वाचून दाखवला, लय हसला. म्हणाला, बहीण बी.एस्सी. झाली की आईच्या पोटात बी वर्ग भरवती. अगं, याच गोळ्यांनी आमची अख्खी कंपनी उठून उभी राहिली. गावाकडं बनुकाकी बी याच गोळ्यांनी बरी झाली, ते काय खोटं हाय? गोळ्या चालू ठेव, एकाच्या दोन दे. दवाखान्यात नेऊन आईची लाज काढू नको, तिला सोसायचं न्हाई. आमी लांब, जीव तिकडंच असतो. हे पत्र तिला वाचून दाखव.

रुसू नको, माया हाय तशीच हाय.
मानसिंग

सांगली, २६ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या गोळ्या खोट्या नाहीत. बनुकाकीला जीवाणूंची हगवण असेल, आईचं दुखणं वेगळं. पण हे तुला पटवेपर्यंत आई हाती लागली नसती. पत्र आलं त्या दिवशी ती मोरीतून उठेना. तरी म्हणत होती, आधी लेकाचं वाच, त्यो काय म्हणतोय बघू.

वाचलं. हवालदाराचं ऐकून ती हसली. जिथे तू 'चालू ठेव' लिहिलंस, तिथे मी 'बंद कर, अनूसंगं दवाखान्यात जा' असं वाचलं. येत नाही ते वर्गात येत नाही म्हणणारी मी. आवाजसुद्धा कापला नाही. ल्योकच म्हणतोय म्हटल्यावर चल बाई, म्हणाली आणि स्वतःच चप्पल शोधायला लागली.

आतडं फुटायच्या बेतात होतं, असं डॉक्टर म्हणाले. आता रक्त थांबलंय, पण अजून उठवत नाही. औषध तिच्या पेशींना कसं सोडतं, ते मला अजून ठाऊक नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगते, फौजेतल्या लेकाच्या शहाणपणानं वाचले. मी खोडून काढत नाही. तूही काढू नकोस.

राग धरलास तरी पत्र थांबवू नकोस. फोटोमागे उरलेल्या गोळ्या मी काल मोरीत विरघळवल्या.

तुझी,
अनू