स्टॅनसाहेबांची एकोणीस फुलं

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
ता. २४ सप्टेंबर १९८६

ती. सौ. सुमित्राताईस,

सरलेचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांचा गुडघा थंडीच्या आत बरा होवो आणि तू त्यांच्या वाटची जिलबी खाणं बंद करो, एवढंच देवाकडे मागणं. आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे प्रकृतीनं ठीक आहोत. मनाचं पुढे लिहिते.

तुझं पार्सल पोचलं. मेतकूट पाव किलो (कस्टमवाल्यांनी पुडी फोडून वास घेतला असणार, कारण चिकटपट्टी त्यांची होती आणि मेतकूट सगळ्या सामानाला सारखं वाटलेलं होतं), जानवीजोड चार, कुंकवाचा पुडा आणि कापसाची वस्त्रं. वर तिकिटं अठ्ठ्याऐंशी रुपयांची! ताई, तेवढ्यात तुझ्या घरचं महिन्याचं दूध झालं असतं. आणि वस्त्रं पोचली विसर्जनानंतर. आता ती घटाला होतील, वाया काही जात नाही. वाया गेलं ते वेगळंच, आणि त्यात थोडा दोष तुझाही आहे. रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

मागच्या वर्षीच्या गणपतीचा फोटो मी हौसेनं पाठवला, तर तू तो भिंग लावल्यासारखा पाहिलास आणि सोंडेजवळची फुलं प्लास्टिकची आहेत हे सातासमुद्रापलीकडून ओळखलंस. वर लिहिलंस, "आज खोटं फूल वाहतेस, उद्या खोटा मोदक दाखवशील." ते वाक्य मला वर्षभर टोचत होतं. इथे दुकानात फुलांचा जुडगा नऊ डॉलरला, आणि त्यातली निम्मी नुसती पानं. म्हणून मी ठरवलं की यंदा देवाला घरचं, ताजं फूल. आणि घरी फुलं होती. ती माझी होती आणि माझी नव्हती, ते आता सांगते.

आमच्या शेजारच्या मिसेस कोवाल्स्की तुला आठवत असतील. (ज्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकायचं शिकवलं. मी वाटीभर घेऊन गेले होते, त्यांनी गोणी आणली.) त्यांचे यजमान स्टॅनसाहेब दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांना एकच नाद, सायक्लेमेन. दुकानात कुंडीत मिळतं आणि थंडीत मरतं ते नव्हे. हे काटक, बर्फाखाली राहून पुन्हा उगवणारं, बोटभर उंचीचं, गुलाबी, पाकळ्या मागे वळवलेलं फूल. वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तसं दिसतं. ते गेले त्याच उन्हाळ्यात बाईंनी त्यांच्या झाडांचं ताजं बी मला दिलं. माझे हात कापतात, तू लाव, रोपं तुझी आणि पुढे जे बी धरेल ते माझं, माझ्या तिन्ही मुलांना बापाच्या हातची एकेक पुडी द्यायची आहे, असं बोलणं झालं. पुढच्याच वर्षी गटाराचा पाइप बदलायला लोक आले आणि त्यांनी स्टॅनसाहेबांचा सगळा वाफा उकरून टाकला. उरलं ते माझ्याकडचं.

ताई, बाळंतपण सोपं, पण हे बी नको. आधी कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं, थेंबभर साबण घालून, कारण बी चिकट असतं. (साबण कशाला दवडायचा, मी रिठ्याचं पाणी वापरलं.) मग दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून पेरायचं आणि अंधारात ठेवायचं, कारण उजेड दिसला तर ते रुसतं. मी कपाटात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवलं. दोन महिने काही नाही. आमची रुपाली रोज विचारायची, "मॉम, आर दे डेड ऑर आर दे शाय?" मग एकेक पान आलं, विड्याच्या पानाएवढं नाही, पण घाट तोच, वर चांदीसारखी नक्षी. मी हरखले. तर ऐन उन्हाळ्यात, इतर झाडं हिरवीगार असताना, सगळी पानं गळून गेली. मी रडत शेजारी गेले. त्या म्हणाल्या, अगं, झोपलेत ते, पाणी घालून उठवू नकोस. मी ह्यांना म्हटलं, चातुर्मास पाळणारं झाड आहे, घराला शोभतं! हे म्हणाले, चातुर्मास पाळतं तर कांदा-लसणाच्या घरात कसं टिकेल? (ह्यांना प्रत्येक गोष्टीत कांदा घालायची सवय.)

या भाद्रपदात, जगलेली पाच रोपं मी कुंड्यांत लावली होती त्या पाचही कुंड्यांत, एकही पान नसताना, सरळ मातीतून फुलं वर आली. बाई तेव्हा मिशिगनला मुलीकडे गेल्या होत्या. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर घर विकून तिकडेच राहायला जायचं म्हणून खोली बघायला. जाताना कळ्या डोळे बारीक करकरून पाहून गेल्या. आणि चतुर्थीच्या पहाटे मी न्हाऊन, सोवळ्यानं, तुझं वाक्य आठवत, सगळी तोडली. एकोणीस भरली. एकवीस हवी होती म्हणून दोन प्लास्टिकची घातली. (तुला कळलंच असतं, म्हणून मीच लिहिते.) मला वाटलं, जास्वंदीसारखं असेल, आज तोडलं तर उद्या दुसरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निर्माल्य काढायच्या आत, मिशिगनहून परतलेल्या बाई कॅमेरा घेऊन हजर. कुंड्यांकडे पाहून म्हणाल्या, "ओ, दोज रॅबिट्स!" आणि ताई, तो ससा मी होते. रुपालीनं त्यांचा हात धरून आत नेलं आणि गणपती दाखवला. मान टाकलेली फुलं बाईंनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "चला, स्टॅन एकदाचा चर्चला गेला. मी चाळीस वर्षं मागे लागले होते." आणि हसल्या. मोदकही खाल्ला. मला वाटलं, सुटले.

मग दारात थबकून त्यांनी समजावलं. फूल झाडावरच गळू द्यायचं असतं. गळलं की देठ गुंडाळत गुंडाळत जमिनीला टेकतो, त्यात बोंड धरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात बी पिकतं. मी म्हटलं, तुम्ही कुंड्याच न्या. तर म्हणाल्या, पाच रोपं तीन मुलांत वाटली तर कोर्टात जातील, बी कोणी मोजत बसत नाही. आणि हळूच, "पुढच्या वर्षी मी एकोणऐंशी."

तेव्हापासून मला गोड लागत नाही. पितृपंधरवडा चालू आहे. मामंजींचं पान वाढताना स्टॅनसाहेब कुंपणापलीकडून बघतायत असं वाटतं. ती एकोणीस निर्माल्य म्हणून नदीत सोडायची, पण मी टेलिफोनच्या जाड पुस्तकात दाबून ठेवली आहेत, 'के'च्या पानांत. देवानं मागितलं नव्हतं गं. मीच तुला दाखवायला वाहिली.

लहानांना आशीर्वाद.

तुझी,
सरला

ता. क. काल कुंड्यांत दोन कळ्या वर आलेल्या दिसल्या. उशिराच्या, बारीक. आणि पुढच्या आठवड्यात घट बसतील, देवीला रोज माळ हवी. दारात फूल असून देवीला वाहिलं नाही तर दोष लागतो का, हे दाजींना पोथी पाहून विचार. नुसतं झाडावरूनच दाखवलं तर चालतं का, तेही विचार.

ता. क. दुसरा. कुंड्या आज दुपारी मी मिसेस कोवाल्स्कींच्या ओसरीवर ठेवून आले. तेव्हा दाजी 'चालतं' म्हणाले तर उलट टपाली, विमानानं कळव; तिकिटाचे पैसे मी देईन. 'चालत नाही' म्हणाले तर बोटीनं पाठव.