तारीख नसलेलं वाक्य

बाई,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एका सकाळी दोन ओळी आल्या, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही त्यात एक जोड टाकली आणि ट्रेनमधून उतरून कामाला गेले. नंतर तुमची आठवण आली नाही असं नाही, पण तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या गुरुवारी वाटलं. आज रविवार आहे, नवरा मागच्या अंगणात गवत कापतोय, मुलगी अजून उठलेली नाही आणि मी इथे ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्स या उपनगरातल्या आमच्या घरात किचनच्या टेबलाशी बसून लिहितेय. मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही मजकुराआधी चुका वाचल्या असत्या.

मी इंग्रजी शिकवते, बाई. पगारी नाही. एरवी मी ब्लॅकटाउनला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. गुरुवारी माझी सुट्टी असते, तेव्हा सकाळी दोन तास तिथल्या लायब्ररीत नव्याने आलेल्या, किंवा जुन्याच पण इंग्रजी न आलेल्या लोकांचा वर्ग घेते. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, यू? टीचिंग इंग्लिश?" आणि मग माझा चेहरा बघून, "नो, नो, इट्स क्यूट." तिचा जन्म इथला. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं वीस वर्षं चाललंय.

वर्गात दोन वर्षांपासून चिलीच्या एक आजी येतात. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, केस काळेभोर रंगवलेले, वहीला खाकी कव्हर. ऐन विशीत इथे आल्या आणि आयुष्यभर कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबल्या. तिथे शेजारच्या मशीनवर स्पॅनिश, डब्याच्या वेळी स्पॅनिश, चर्चमध्ये स्पॅनिश. इंग्रजीवाचून काही अडलं नाही. मग आत्ताच काय अडलं, असं मी विचारलं होतं. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, नात. नातीला स्पॅनिश येत नाही. "मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. माझा मुलगा तिला भाषांतर करून सांगतो, पण तो फार थोडक्यात सांगतो. त्याला रडू येईल अशी भीती वाटते, म्हणून तो लवकर संपवतो."

ती गोष्ट त्यांच्या भावाची होती. दोन वर्षांनी मोठा. त्यांच्या देशात लष्कराचं राज्य आलं तेव्हा तो युनिव्हर्सिटीत शिकत होता. एका सकाळी लायब्ररीचं पुस्तक परत करून येतो म्हणून घरातून निघाला आणि परत आला नाही. कुणी म्हणालं पकडून नेलं, कुणी म्हणालं कैद्यांना कोंडलं होतं त्या स्टेडियममध्ये पाहिला, कुणी म्हणालं डोंगर ओलांडून पलीकडे गेला. कागद नाही, देह नाही, काही नाही. हे सगळं मला एका दमात कळलं नाही. दोन वर्षांत, एकेका वाक्याने कळलं, कारण त्यांच्याकडे वाक्यंच तेवढी होती.

या टर्ममध्ये मी प्रेझेंट परफेक्ट शिकवायला घेतलं. शिकवायला घेतलं म्हणजे काय, ते टाळत टाळत शेवटी गाठलंच. फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना म्हटलं, स्वतःचं एक वाक्य करा. आजींनी केलं: आय लुक फॉर माय ब्रदर सिन्स आय वॉज ट्वेंटी. मी लगेच मार्करचं टोपण काढलं. चूक मला दिसली, कारण ती माझीच चूक आहे. 'मी वीस वर्षांची असल्यापासून भावाला शोधते,' असंच आपण मराठीत म्हणतो की नाही? त्यांच्या स्पॅनिशमध्येही तसंच म्हणतात, साध्या वर्तमानकाळात. मी 'लुक'च्या जागी 'हॅव लुक्ड' लिहिलं. त्या बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि शेजारी लिहिलं: आय लुक्ड फॉर माय ब्रदर. विचारलं, "टीचर, यात आणि त्यात काय फरक?"

बाई, मी तिथे उभी होते आणि मला आपला नववीचा वर्ग दिसायला लागला. चिंचवडची शाळा, खिडकीला लागून माझा बाक. तुम्ही 'माय फॅमिली'वर निबंध लिहायला सांगितला होता. मी लिहिलं होतं, आय हॅव लॉस्ट माय मदर थ्री इयर्स अगो. तुम्ही वह्या तपासून आणल्या होत्या, कुणाची वही हे न बघता वाक्य वाचून दाखवत होतात. माझं वाक्य वाचलंत आणि खडू टेबलावर आपटून म्हणालात, "अगो आलं की हॅव चालत नाही, हे कितीदा सांगायचं? तारीख सांगितलीत की गोष्ट संपली. संपलेल्याला हॅव लावायचं नाही." मी सहावीत असताना माझी आई गेली हे सगळ्या मुलींना माहीत होतं. तुम्ही त्याच वर्षी शाळेत आला होतात, तुम्हाला माहीत नव्हतं. मी वही घेतली, 'हॅव'वर लाल रेघ होती. मी खाली मान घालून बसले.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावून घेतलंत. कुणीतरी सांगितलं असणार. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही डबा उघडून बसला होतात, पण पोळीला हात लावलेला नव्हता. तुम्ही सॉरी म्हणाला नाहीत. आमच्या वेळी शिक्षक मुलांना सॉरी म्हणत नसत. म्हणालात, "दुरुस्ती बरोबर आहे. व्याकरण माणसाकडे बघून बदलत नाही." मग विचारलंत, "तुला हॅव का ठेवायचा होता?" मला माहीत नव्हतं. खरं तर तो चुकून पडला होता. पण विचारल्यावर मी म्हटलं, "लॉस्ट एवढंच लिहिलं तर झालं गेलं असं वाटतं." तुम्ही माझी वही ओढून घेतलीत, लाल पेनने 'थ्री इयर्स अगो' खोडलंत आणि हॅववरच्या रेघेखाली टिंबं दिलीत, म्हणजे हे कायम ठेवा. "आता हे इंग्रजी बरोबर आहे. रेघ हॅववर मारायची नाही, तारखेवर मारायची." मी विचारलं, "मग आई कधी गेली ते कसं कळणार?" तुम्ही म्हणालात, "कधी गेली ते या वाक्याचं काम नाही. ती गेली आणि आज नाही, एवढं हे वाक्य सांगतं. जा, डबा खा."

एवढं सगळं फळ्यापुढे आठवायला किती वेळ लागला असेल? वर्ग माझ्याकडे बघत होता. मी आजींना साधं सांगितलं. 'लुक्ड' म्हणजे तेव्हा शोधलं आणि ते संपलं. 'हॅव लुक्ड' म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत. त्यांनी स्वतः लिहिलेलं वाक्य हाताच्या कडेने पुसून टाकलं. मग आणखी एक वाक्य लिहिलं, माय ब्रदर डाइड, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "इथे केव्हा, ते लिहावं लागतं का?"

"लिहायलाच हवं असं नाही," मी म्हटलं, "पण ऐकणाऱ्याला वाटतं की ते कधीतरी घडलं आणि तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दिवस नाही." आणि तेही पुसलं.

तुम्ही माझी तारीख खोडली होती. या आजींकडे खोडायलाही तारीख नव्हती. पन्नास वर्षं त्या बिनतारखेच्या जगात राहत होत्या आणि त्या जगासाठी इंग्रजीत एक काळ आयता करून ठेवला आहे, हे त्यांना त्या गुरुवारी, लायब्ररीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. मलाही तेव्हाच कळलं, बाई. नववीत मी फक्त नियम लक्षात ठेवला होता.

त्यानंतर सहा आठवडे त्या रोज लिहीत होत्या. दर गुरुवारी वही दाखवायच्या. आय हॅव रिटन टू द गव्हर्नमेंट. आय हॅव आस्क्ड द प्रीस्ट. आय हॅव सीन मेन विथ हिज शोल्डर्स. हे शेवटचं मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, त्याच्या खांद्यांसारखे खांदे? त्या म्हणाल्या, हो, बसमध्ये, रस्त्यात, पाठमोरे. मी ते बदललं नाही. तुम्ही बदललं असतंत की काय, कोण जाणे.

गेल्या गुरुवारी टर्मचा शेवटचा वर्ग होता. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं ठरलं होतं. आजींची नात आली होती, युनिव्हर्सिटीतून थेट, पाठीवर बॅग, कानात अजून इअरफोन. माझ्या मुलीच्याच वयाची. तिने मला "हाय" म्हटलं आणि मागच्या खुर्चीत फोन हातात घेऊन बसली. आजी पुढे आल्या, वही उघडली, मग बंद केली आणि नुसत्याच बोलायला लागल्या. आय हॅव लुक्ड फॉर माय ब्रदर फॉर फिफ्टी इयर्स. पहिल्या वाक्याला नातीने फोन मांडीवर ठेवला.

त्या पाच नाही, बारा मिनिटं बोलल्या. मध्येच नातीने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "बट डॅड सेड ही डाइड."

"तुझा बाबा लवकर संपवतो," आजी म्हणाल्या. "मी नाही."

"मग तो कसा होता?" नातीने विचारलं. हे वहीत नव्हतं. याची तयारी आम्ही केली नव्हती. आजी हसल्या. ही सँग व्हेरी बॅड. ही एट माय ब्रेड. ही वॉज अफ्रेड ऑफ डॉग्ज. ही वॉक्ड मी टू स्कूल अँड ही वॉक्ड टू फास्ट. एकाही वाक्यात हॅव नाही. मग परत नातीकडे बघून, आय हॅव केप्ट हिज कोम्ब, म्हणजे त्याचा कंगवा. भावाने जे केलं ते सगळं साध्या भूतकाळात, आणि त्यांनी स्वतः जे केलं, जे अजून चाललं आहे, ते हॅव लावून. मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते. एकदाही गफलत झाली नाही. माझ्याकडून क्रियापदांचे तक्ते घोकून पास झालेले कितीतरी जण आहेत, त्यांची होते. यांची झाली नाही, कारण काय संपलं आणि काय संपलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याचे शब्द नव्हते, ते आता मिळाले.

नात उठून पुढे आली. आजींच्या हातातली वही घेतली आणि शेजारच्या खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. चुकांसकट. वर्ग सुटला, खुर्च्या रचून झाल्या, पुढच्या वर्गाचे लोक दारात उभे राहिले, तरी ती वाचत होती आणि आजी तिच्या बोटाबरोबर ओळ सरकताना बघत होत्या.

घरी आले तेव्हा मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, मराठीत. ती म्हणाली, "मम, वी डोन्ट ईव्हन थिंक अबाउट दॅट टेन्स." मग लॅपटॉप अर्धा मिटला. "यू नेव्हर टोल्ड मी अबाउट युअर मम."

खरं आहे. भिंतीवर आईचा फोटो आहे, श्राद्धाच्या दिवशी मी खीर करते, एवढंच तिला माहीत. मी विचारलं, काय सांगू? म्हणाली, "एनिथिंग." मग मी तिला सांगायला लागले की आईला शिट्टी वाजवता यायची. बाबांना आवडत नसे, म्हणून ती फक्त दुपारी, कपडे वाळत घालताना वाजवायची. तेवढं ऐकून मुलगी म्हणाली, "खरंच?" मराठीत म्हणाली. मग मी पुढचंही सांगत गेले, थोडक्यात आवरलं नाही. साडेसहा वाजता नवरा आला तेव्हा कुकर लावायचा राहिला होता.

तुमच्या मुलांचा पत्ता मला मिळू शकेल, ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी देईल. पण त्यांना या पत्राचं काय करायचं? त्यांच्या आईने कुणाच्या तरी वहीत तीन शब्द खोडले होते. हे पत्र मी माझ्या वर्गाच्या फाइलमध्ये ठेवणार आहे.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. इथे आल्यावर दोन वर्षांनी मी पहिल्यांदा चिंचवडला आले होते. वहिनीने मला मेथी आणायला पाठवलं होतं आणि भाजीवाल्यापाशी तुम्ही उभ्या होतात. केस सगळे पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. तेव्हा मला इथे फोनवरसुद्धा इंग्रजी बोलायची भीती वाटायची, सगळे फोन नवरा करायचा. मला वाटलं, तुम्ही विचाराल, ऑस्ट्रेलियात असतेस ना, मग बोल बघू. तुम्ही वर पाहिलंत. तुमचा हात अर्धा उचलला गेला होता, मला ओळखून की दर विचारायला, ते मी थांबून बघितलं नाही. नारळवाल्याच्या मागून वळले आणि घरी जाऊन वहिनीला सांगितलं की आज मेथी चांगली नव्हती.